शेऱ्याचा रकाना

नर्मदेच्या काठावर बहुतेक आश्रमांत आणि धर्मशाळांत एक नोंदवही असते. लांबट, जुन्या खतावणीसारखी, कोपरे दुमडलेली, सुतळीने पेन बांधलेली. नाव, गाव, वय, मोबाईल, कुठून आलात, कुठे निघालात. संध्याकाळी थकून अंगणात पाऊल टाकलं की सेवेकरी आधी ‘नर्मदे हर’ म्हणतो आणि लगेच विचारतो, “कितनी मूर्ती?” परिक्रमेत माणसं मोजत नाहीत, मूर्ती मोजतात. बाई असली तर माताराम, बुवा असला तर बाबाजी, आणि मोजायच्या वेळी सगळे मूर्ती.

मी सांगलीची. २९ वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी कॅशच्या खिडकीत. ५३व्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि ५ नोव्हेंबर २०२२ला, कार्तिकी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, ओंकारेश्वरच्या गोमुख घाटावर संकल्प केला. नवऱ्याचे गुडघे गेलेले, मुलगी पुण्यात नोकरीला. जायचं तर एकटीनेच, हे मनाशी दोन वर्षं ठरलेलं होतं. ज्यांना परिक्रमा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मैया, म्हणजे नर्मदा, कायम उजव्या हाताला ठेवायची. तिचं जल कुपीत घेऊन चालायचं, सकाळ-संध्याकाळ त्याची पूजा. प्रवाह ओलांडायचा नाही. पूल समोर असला तरी नाही. आणि माघारी फिरायचं नाही. मी १४६ दिवस चालले, ३० मार्च २०२३ला, रामनवमीला पोचले.

या माघारी न फिरण्याबद्दलच मला लिहायचं आहे. कारण वाटेत जी माणसं जोडली गेली, त्या सगळ्या नात्यांना या नियमाने आकार दिला. काल ज्या घरी जेवलात, तिथे परत जाता येत नाही. कुणी मागे राहिलं तर त्याच्याकडे जाता येत नाही. त्याने यायचं, नाहीतर तुम्ही थांबायचं, नाहीतर पुढे जाताना काहीतरी खूण ठेवून जायचं. मी बँकेत असताना बाराशे खातेदार नावानिशी ओळखत होते. त्यातल्या एकालाही मी अशी खूण ठेवून कधी गेले नव्हते.

मावशी मला शूलपाणीच्या झाडीत भेटली. बडवानी सोडली की डोंगर सुरू होतात. काठावरची जुनी पायवाट सरदार सरोवराच्या पाण्याखाली आहे. धरणाची पातळी १३८.६८ मीटरपर्यंत नेल्यावर तर काठ असा उरलाच नाही, म्हणून आता टेकड्यांच्या अंगावरून चढउतार करत धडगाव, मोलगी असं महाराष्ट्रातून जावं लागतं. एका पाड्याजवळ जीवनशाळा होती, नर्मदा बचाव आंदोलनाने चालवलेली. दोन वेण्या घातलेली एक चिमुरडी माझ्याकडे बघून मूठ वर करून ओरडली, “जिंदाबाद!” तिकडे पोरं नमस्कार असाच करतात. मी म्हटलं, “नर्मदे हर.” ती पुन्हा, “जिंदाबाद!” असं आमचं पाच-सहा वेळा चाललं. मागून कुणीतरी खळखळून हसलं. ओसरीला टेकून एक म्हातारी बसली होती. पांढरं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, शेजारी गोणपाटाची वळकटी, आणि काठीला बांधलेली प्लास्टिकची बाटली, तिच्यात मैयाचं जल. “तिले जिंदाबाद म्हण ना वं बाई,” ती म्हणाली, “तिचंबी मन राह्यते.” मी मूठ वर करून ‘जिंदाबाद’ म्हटलं. पोरगी खूश होऊन पळाली.

यवतमाळकडची. वय ६७, शिक्षण चौथी, कापसाची पाच एकर, दोन मुलगे. तीसुद्धा एकटीच निघालेली. त्या दिवसापासून आम्ही बरोबर चालायला लागलो. मी तिला मावशी म्हणायचे, ती मला ‘पोरी’ म्हणायची. ५३ वर्षांच्या बाईला कुणी पोरी म्हणावं यात किती सुख असतं, ते तिथे कळलं.

खरं सांगायचं तर बरोबर चालणं आम्हाला जमत नव्हतं. मला पहाटे पाचला निघायचं असे, ऊन तापायच्या आत बारा-तेरा किलोमीटर कापायचे असत. मावशीला प्रत्येक घाटावर उतरून स्नान करायचं असे, शेळ्या राखणाऱ्या बाईजवळ बसून तिच्या सुनेची चौकशी करायची असे. मी पुढे जाऊन झाडाखाली थांबायचे. थांबताना मनात राग साचायचा. ती आली की मी काही बोलायचे नाही, आणि माझं ते न बोलणं तिला ऐकू यायचं. एका दुपारी झगडियाच्या अलीकडे ती म्हणाली, “पोरी, तुह्या मनात घड्याळ हाये. ते काढून ठेव, नाहीतर मले सोड.” मला रडू आलं. “काहून रडते वं?” म्हणत तिने पदराच्या गाठीतला गुळाचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला. आश्रमात नोंद करताना मात्र तिचा हट्ट असायचा. सेवेकऱ्याने ‘मूर्ती दोन’ लिहिलं की ती खोडायला लावायची. “ते वेगळी, मी वेगळी. सोबत हाये, पन मूर्ती एक-एक.” याचं मला तेव्हा वाईट वाटायचं.

विमलेश्वरला समुद्र लागतो. इथून होडीने पलीकडे मिठीतलाईला जायचं, म्हणजे दक्षिण तट संपून उत्तर तट सुरू. मैया ओलांडायची नसते, म्हणून ती जिथे सागराला मिळते तिथून वळसा घालतात. होड्या भरतीच्या वेळेवर सुटतात, तोवर सगळ्यांनी वाट बघायची. महिनाभर सुटे सुटे चालणारे शंभर-दीडशे जण तिथे एकाच पटांगणात गोळा झालेले. कुणी जळगावचे शिंपी, कुणी सुरतचा मुलगा, नागपूरच्या दोघी बहिणी. दत्तजयंतीच्या आदल्या रात्री, मध्यरात्रीनंतर आमची होडी सुटली. जवळजवळ पूर्ण चंद्र होता. चिखलाचा वास, डिझेलचा धूर, आणि कुणीतरी हळू आवाजात नर्मदाष्टक म्हणत होतं. मावशीने आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला तो असा. माझं मनगट धरून ती चार तास नुसती बघत बसली होती. माझ्या हातावर तिच्या बांगडीचा वळ उमटला होता, तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होता.

भरूचच्या पुढे, शुक्लतीर्थाजवळ, माझा पाय गेला. टाचेचा फोड फुटून पू झाला होता. गावातल्या डॉक्टरांनी साफ करून पट्टी बांधली आणि पाच दिवस चालायचं नाही म्हणून बजावलं. मावशी एक दिवस थांबली. रात्री मी तिला म्हटलं, “मावशी, तुम्ही निघा.” माझ्या मनात तिच्याविषयी काळजी होती हे खरं, पण सुटकासुद्धा होती, हेही तितकंच खरं. तिला दोन्ही कळलं असणार. पहाटे तिने माझ्या उशाशी गुळाची पुडी ठेवली आणि म्हणाली, “मी चालतो पुढं. तू ये मांगून. घाई करू नको.” मी डोळे मिटून पडून राहिले. तिची काठी अंगणातून टकटक करत गेली.

पाचव्या दिवशी मी निघाले. तिला फोन लावला तर बंद. तिचा साधा बटणांचा मोबाईल होडीतच भिजून गेला होता, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

गरुडेश्वरला टेंबे स्वामींच्या समाधीचं दर्शन घेतलं. कानावर पुन्हा मराठी पडत होतं. नोंदवही पुढे आली तेव्हा सवयीने मागचं पान उलटलं, आणि तिथे ते अक्षर दिसलं. मोठं, सुटं, प्रत्येक काना काठीसारखा ताठ. चार दिवसांपूर्वीची तारीख. मूर्ती १. आणि शेवटच्या शेऱ्याच्या रकान्यात, जिथे एरवी कुणी काही लिहीत नाही, तिथे: ‘पोरी पायाचं कसं आहे. इथं वरण चांगलं करतात.’

मी त्या वहीवर हात ठेवून बराच वेळ बसले. सेवेकऱ्याला वाटलं मला चक्कर आली.

तेव्हापासून रोज संध्याकाळचं माझं पहिलं काम ठरलं. पाठीवरचं ओझं उतरवायच्या आधी वही मागायची. प्रत्येक ठिकाणी नोंद नसायची. कधी ती कुणाच्या घरी उतरलेली असायची, कधी वहीच नसायची. पण दोन-तीन दिवसांआड ते ताठ काने दिसायचेच. ‘पुढच्या नाल्यात पाणी हाय, लुगडं वर घे.’ ‘इथली माय एकटी हाय, तिच्याशी बोल.’ ‘कुत्रं चावरं आहे, काठी धर.’ महेश्वरच्या घाटावरच्या धर्मशाळेत नुसतंच: ‘अहिल्याबाईचा वाडा पाह्यला.’ जिच्याबरोबर चालताना माझी चिडचिड व्हायची, तिच्या मागून चालताना मी तिच्या डोळ्यांनी बघायला लागले. चावरं कुत्रं खरंच होतं. एकट्या मायशी मी खरंच बोलले. तिचा मुलगा गुजरातला कामावर गेला तो दोन वर्षं आला नव्हता.

अंतर कमी होत होतं. चार दिवस, तीन, दोन. जयंती माताचं जंगल ओलांडून १४ जानेवारीला संध्याकाळी मी नेमावरला पोचले. नेमावर म्हणजे मैयाचं नाभिस्थान, उगम आणि सागर यांच्या मधोमध. घाटाजवळ एका घराच्या ओट्यावर एक अम्मा बसल्या होत्या. मला बघून त्यांनी विचारलं, “महाराष्ट्र से? पाँव में पट्टी?” मी हो म्हटलं. त्या आत गेल्या आणि वर्तमानपत्राची पुडी घेऊन आल्या. मावशी त्याच दिवशी सकाळी निघाली होती, आणि निघताना सांगून गेली होती की मागून एक लंगडी पोरगी येईल, तिला हे द्या. पुडीत तिळाचे तीन लाडू होते. दुसऱ्या दिवशी संक्रांत होती.

घर सोडून मला तेव्हा ७१ दिवस झाले होते. मी तो पूर्ण दिवस अम्मांकडे राहिले. सकाळी सिद्धनाथाच्या घाटावर स्नानाची गर्दी, दुपारी अम्मांच्या स्वयंपाकघरात त्यांच्याबरोबर तीळ भाजले. त्यांना ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ शिकवलं. त्या ‘तिरगुर’ म्हणायच्या. संध्याकाळी ओट्यावरून त्यांनी समोरचा काठ दाखवला. ते हंडिया. मध्ये पूल आहे, गाडीने काही मिनिटांचा रस्ता. मला मात्र तिथे पोचायला अमरकंटकला वळसा घालून हजाराहून जास्त किलोमीटर चालायचं होतं. “जब उधर आओगी, फोन करना,” अम्मा म्हणाल्या. “तू नहीं आ सकती, मैं तो आ सकती हूँ ना।”

जबलपूरला ग्वारीघाटावर मावशीची नोंद त्याच दिवशी सकाळची होती. मला वाटलं, उद्या गाठते. मी पहाटे चारला उठून निघाले. पुढच्या मुक्कामी नोंद नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मंडलापर्यंत मी प्रत्येक वही चाळली, चहाच्या टपरीवर, देवळात, शाळेत विचारलं: पांढरं लुगडं, काठीला बाटली बांधलेली माताराम? कुणी पाहिली नव्हती. म्हणजे ती मागे राहिली होती. किंवा दुसरंच काही. आणि मी वळू शकत नव्हते. बरगी धरणाच्या पाण्याकडे बघत एका रात्री मी खरोखर ठरवलं होतं की परिक्रमा मोडते आणि मागे जाते. एका बाबाजींनी विचारलं, “वह मागे येणार नाही असं कशावरून?” मोडक्यातोडक्या मराठीत. मग मला सुचलं की आता शेरा लिहायची पाळी माझी आहे.

मी लिहायला लागले. ‘मावशी, मी पुढे गेलेय. १२ फेब्रुवारी. पाय बरा आहे.’ ‘मावशी, चढ मोठा आहे, सकाळी चढा.’ महाशिवरात्रीला, १८ फेब्रुवारीला, अमरकंटकला जत्रेची एवढी गर्दी होती की वही मिळायला तासभर लागला. लिहिलं, ‘मावशी, कुठे आहात? वहीत माझा नंबर आहे. कुणाच्याही फोनवरून फोन करा.’ रोज रात्री आठला नवऱ्याचा फोन यायचा. तो पहिल्यांदा मावशीचं विचारायचा, मग माझं.

आठ दिवसांनी, दक्षिण तटावर, भर दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. “पोरी, तू लय घाबरते वं.” ग्वारीघाटाच्या पुढे ती वाट सोडून एका घरी उतरली होती. त्या घरची सून त्याच रात्री बाळंत झाली. दुसरं बायमाणूस नव्हतं, म्हणून मावशी पोराची छठी होईपर्यंत राहिली. मी तिला विचारलं, परिक्रमेत विटाळ नाही का चालत? ती म्हणाली, “मायले काह्याचा विटाळ? मायच हाये ना ते.” मी शेतात, गव्हाच्या बांधावर बसले होते. फोन ठेवल्यावर खूप रडले.

२१ मार्चला संध्याकाळी हंडियाला पोचले. अम्मांच्या नातवाला फोन केला. तो म्हणाला, घाटावर उभ्या राहा. अंधार पडला तसा समोरच्या काठावर एक दिवा हलला, वर-खाली, वर-खाली. मी माझ्या मोबाईलचा टॉर्च हलवला. मध्ये मैयाचं काळं पाणी. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. सकाळी नऊला नातवाच्या मोटारसायकलवर मागे बसून, डब्यात दाल-बाफले घेऊन अम्मा पुलावरून आल्या. डोक्यावरचा पदर वाऱ्याने सारखा उडत होता, तो एका हाताने धरलेला. उतरता उतरता म्हणाल्या, “तिरगुर लो, मीठा बोलो।” ६६ दिवस त्यांनी ते विसरू नये म्हणून रोज म्हटलं होतं, असं नातवाने सांगितलं.

हंडियाच्या पुढे इंदिरा सागरचं पाणी आहे, म्हणून छनेराकडून रस्त्यारस्त्याने जावं लागतं. तिथे ज्यांच्या घरी उतरले ते मूळचे हरसूदचे. २००४ साली ते अख्खं गाव धरणासाठी उठवलं गेलं. घरातल्या आजोबांनी मला भिंतीवर कोळशाने हरसूदचा नकाशा काढून दाखवला. बाजार, शाळा, त्यांची गल्ली. त्यांना कुणी ऐकणारं हवं होतं. पूर्वीची मी असते तर सकाळी पाचला निघाले असते. मी नऊपर्यंत थांबले.

३० मार्चला पोचले. नवरा आणि मुलगी आली होती. ओंकारेश्वराला जल चढवलं, शिऱ्याची कढाई केली, कुमारिका जेवल्या. दोघं म्हणाली, चला घरी. मी म्हटलं, मला अजून आठवडा हवाय. नवऱ्याने काही विचारलं नाही. जाताना चप्पलचा नवा जोड देऊन गेला.

संकल्प पुरा झाला की माघारी फिरायला हरकत नसते. ४ एप्रिलला मी मूंदीच्या दिशेने उलटी चालायला लागले. पाच महिन्यांत पहिल्यांदा मैया डाव्या अंगाला होती, आणि पाठीवर ओझं असूनही शरीर सारखं चुकल्यासारखं करत होतं. दुपारी तीनच्या उन्हात, डांबरी रस्त्याच्या कडेने, समोरून पांढरं लुगडं येताना दिसलं. काठी, काठीला बाटली. मी धावले नाही. रस्त्याच्या कडेला एका लिंबाखाली थांबले आणि तिला तिच्या चालीने येऊ दिलं. आली, शेजारी बसली, माझी टाच हातात घेऊन उलटीसुलटी करून पाहिली. “बरी हाये,” म्हणाली.

पुढचे दोन दिवस तिच्या चालीने चाललो. ती जिथे थांबेल तिथे थांबलो. एका बाईच्या कोंबड्या मोजल्या. ओंकारेश्वरच्या अलीकडच्या शेवटच्या मुक्कामी सेवेकऱ्याने वही पुढे केली आणि विचारलं, “कितनी मूर्ती?” मी पेन घेतलं, तिचं नाव लिहिलं, मूर्तीच्या रकान्यात सवयीने एक लिहायला गेले. मावशीने माझा हात धरला.

“दोन लिही,” ती म्हणाली.